पानातून न आलेले पट्टे

रायपुरात आफ्रिकन व्हायोलेट जगत नाही, असं मला आजवर डझनभर लोकांनी तरी सांगितलं असेल. त्यात दोन नर्सरीवाले होते आणि माझा सख्खा मुलगाही होता. मी वाद घालत बसत नाही. माणसाला घरात आणतो, उत्तरेच्या खिडकीपाशी उभं करतो आणि चहा टाकायला आत जातो. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

झाड म्हणाल तर एवढंसं. उंची चहाच्या कपाएवढी, घेर वीतभर. जाडसर गोल पानं कुंडीच्या काठावर चक्रासारखी पसरतात. पानांवर बारीक लव असते. मधून नाजूक दांड्या वर येतात आणि त्यांवर पाच पाकळ्यांची फुलं. फुलाच्या पोटात दोन पिवळे ठिपके. वास नाही, औषधी उपयोग नाही. बुद्धवंदनेला ठेवावं म्हटलं तर दांडी इतकी आखूड की फूल तबकात लोळतं. नुसतं दिसण्यासाठी जगणारं झाड आहे आणि नखरेही तसेच. उजेड हवा, ऊन नको. ओलावा हवा, पण मुळाशी पाणी साचायला नको. पानावर गार पाण्याचा थेंब पडला की तिथं कायमचा डाग. पाणी कुंडीखालच्या ताटलीत द्यायचं, झाड हवं तेवढं खालून ओढून घेतं, अर्ध्या तासानं उरलेलं फेकून द्यायचं.

त्यात आमचं घर उरल्याच्या, म्हणजे लोखंडाच्या कारखान्यांच्या, वाटेवर. सकाळी ओटा पुसला की दुपारी बोटाला काळं लागतं. वाळत घातलेलं पांढरं बनियन संध्याकाळी राखाडी होऊन परत येतं. ती धूळ व्हायोलेटच्या लवेत जाऊन बसते, आणि पान धुता तर येत नाही. म्हणून आमच्याकडे दर रविवारी चित्रकलेच्या मऊ ब्रशनं एकेक पान झाडलं जातं. पानाखाली डाव्या हाताचा पंजा धरायचा आणि देठाकडून टोकाकडे ब्रश फिरवायचा. उलटा फिरवलात तर लव मोडते.

हे सगळं मी आज छातीठोकपणे सांगतो, पण यातलं बरंचसं माझ्या बायकोचं आहे. मी आयुष्यभर लोखंडातला माणूस. उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये बत्तीस वर्षं तपासणी विभागात होतो. भट्टीतून लोखंडाचा एक घाणा निघाला की त्याला आम्ही हीट म्हणतो. एका हीटच्या शेकडो सळ्या होतात. त्यातला हातभर तुकडा कापून माझ्या टेबलावर यायचा. मी तो वाकवायचो, मशीनमध्ये धरून तुटेपर्यंत ताणायचो आणि कागदावर सही करायचो. नमुना पास तर हीट पास, नमुना नापास तर सगळी हीट परत भट्टीत. तुकडा जसा तसा माल. या एका वाक्यावर माझं घर चाललं, मुलाचं इंजिनिअरिंग झालं आणि मला वाटलं, जगही त्यावरच चालतं.

आमचं व्हायोलेट मुळात आमचं नव्हतं. ते बायकोच्या थोरल्या बहिणीचं, नागपूरच्या ताईंचं. साधं जांभळं व्हायोलेट पुष्कळांकडे असतं. ताईंचं वेगळं होतं. पांढरीशुभ्र फुलं आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक जांभळा पट्टा, जत्रेतलं भिरभिरं असतं तसं. ताईंनी ते कुठून आणलं कुणास ठाऊक, पण तसं दुसरं मी कुठं पाहिलं नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी ती कुंडी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, ताईंची मुलगी बायकोजवळ आली. ही आमची एकुलती एक भाची. म्हणाली, "मौसी, आईचं झाड मले द्या ना."

बायको दोन महिने बहिणीच्या उशाशी बसून थकलेली होती. भाचीची नोकरी नवी, रजा मिळत नव्हती, ती दवाखान्यात यायची तेव्हा तासाभरात घड्याळ पाहू लागायची. तो राग बायकोच्या मनात होताच. चारचौघांत ती म्हणाली, "तुह्या हाती ते आठ दिवस टिकणार नाही. आईले घोटभर पाणी द्याले तुले सवड नव्हती, झाडाले काय देशीन?"

भाचीनं डोळे पुसले, चपला घातल्या आणि ती आपल्याच आईच्या घरातून निघून गेली. त्यानंतर मौसी आणि भाची पाच वर्षं बोलल्या नाहीत. लग्नाकार्यात समोरासमोर आल्या तरी एक पाण्याच्या ड्रमकडे जायची, दुसरी स्टेजकडे. बायको कधी म्हणाली नाही की मी चुकले. पण ब्रश करताना तिचा हात मधेच थांबायचा, ते मी पाहत होतो.

मग सूनबाईचं बाळंतपण आलं आणि बायको पाच महिन्यांसाठी मुलाकडे हैदराबादला निघाली. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत तिच्या सूचना चालू होत्या. त्यातल्या गॅसबद्दल दोन, माझ्या गोळ्यांबद्दल एक आणि बाकी सगळ्या कुंडीबद्दल. "पाणी ताटलीत, तेबी माती कोरडी झाली तरच. ब्रश रविवारी. अन् तुमची हुशारी त्याच्यावर चालवू नका."

मी आठ दिवस हुशारी आवरली. नवव्या दिवशी मला जे सुचलं, ते आजही मला वाईट कल्पना वाटत नाही. एका झाडावरून भांडण झालंय ना? मग झाडं दोन करायची. एक बायकोला, एक भाचीला. व्हायोलेट पानापासून होतं, हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पान म्हणजे काय? झाडाचा तुकडा. आणि तुकडा जसा तसा माल!

मी खालच्या रांगेतली सहा निरोगी पानं दोन बोटं लांब देठासकट काढली. ब्लेडनं देठ तिरपा कापला. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि धुतलेली वाळू मिसळून मिठाईच्या पारदर्शक डब्यांत भरली, त्यात पानं तिरकी रोवली, झाकणं लावली आणि प्रत्येकावर क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी चिकटवली, मिलमध्ये चिकटवायचो तशी. महिन्याभरात पान हलवलं तर हलेना, म्हणजे मुळं धरली. डिसेंबर संपता संपता देठाच्या बुडाशी उंदराच्या कानांएवढी पिल्लं वर आली. रायपूरचा हिवाळा या झाडाला मानवतो, हे मी तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सहा पानांतून वीस पिल्लं निघाली. मी इतका फुगलो की दूधवाल्यालाही खिडकीशी नेऊन दाखवलं.

फेब्रुवारीत मी त्यातलं सगळ्यात सरस रोप निवडलं. पानं जाड, मधला कोंब ताठ, कुठं डाग नाही. माझ्या मतानं पास. आमचे एक शेजारी नागपूरला जाणार होते, त्यांच्या हाती ते भाचीकडे धाडलं आणि वरून तिला फोन केला.

"तुह्या आईचं झाड आहे," मी म्हणालो. "मौसीनं पाठवलं."

हे खोटं होतं. मौसीला गंधही नव्हता. पण मला वाटलं, कामच एवढं पक्कं आहे तर नाव कुणाचं लावलं यानं काय बिघडतं?

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. मग भाची म्हणाली, "मौसीनं? खरंच?" आणि फोन ठेवेपर्यंत तिनं तेच आणखी दोनदा विचारलं. त्या दिवशी मी स्वतःला मोठा माणूस समजलो.

मार्चमध्ये बायको परतली. पायांतल्या चपला काढायच्या आधी तिनं खिडकीकडे पाहिलं.

"सहा पानं कुठं गेली?"

मी सगळं सांगितलं. वीस पिल्लं दाखवली, भाचीला धाडलेलं सांगितलं आणि कुणाच्या नावानं धाडलं तेही सांगितलं. मला वाटलं होतं, आता भांडी आपटतील. ती पलंगाच्या काठावर बसून राहिली. दोन दिवस त्या विषयावर शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मला ताटात भात वाढताना खाली मान घालून म्हणाली, "बरं केलं तुमी. मले नसतं जमलं."

त्यानंतर ती वाट पाहू लागली. स्वतः फोन करायला तिचा जीव धजत नव्हता, पण तिनं मनाशी एक हिशोब बांधला होता आणि तो मला बोलूनही दाखवला. भाचीकडे झाडाला फूल येईल, पट्टे दिसतील, ती आनंदानं फोटो पाठवेल आणि मग आपण फोन करायचा. एप्रिल गेला, मे गेला. दुपारी कूलरची हवा थेट लागू नये म्हणून आम्ही सगळ्या कुंड्या कपाटाच्या आडोशाला ठेवायचो आणि बायको विचारायची, "तिच्याकडं कूलर आहे ना वो? विचारा ना जरा." मी विचारायचो. भाची मला एका ओळीत उत्तर द्यायची, पण द्यायची. झाड जिवंत होतं. जुलैत तिनं कळवलं की कळी दिसते आहे. बायकोनं त्या दिवशी शेवयाची खीर केली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी बायकोच्या फोनवर भाचीचा मेसेज आला. पाच वर्षांतला पहिला. बायकोनं चष्मा शोधला, फोटो उघडला आणि फोन माझ्यापुढे धरला.

फूल जांभळं होतं. नुसतं जांभळं, कुठं पांढऱ्याचा मागमूस नाही. खाली लिहिलं होतं, "मौसी, आईचं झाड द्यायचं नव्हतं तर नसतं द्यायचं. दुसरं पाठवून काहून फसवलं?"

मी म्हणालो, पहिलं फूल कधीकधी असं येतं. हे मी जागच्या जागी रचून सांगितलं होतं. आठवडाभरात आमच्या खिडकीतली पिल्लं फुलू लागली. एक जांभळं, दुसरं जांभळं, तिसरं जांभळं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझ्या चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांची अख्खी हीट नापास झाली होती, आणि त्यांच्या मधोमध मूळ झाड मात्र आपली पट्ट्यांची दोन फुलं घेऊन उभं होतं.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आता काय सांगू तिले? माहा नवरा लय शहाणा आहे म्हनून सांगू?" आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं दार लोटून घेतलं. भाचीला फसवल्याचा आळ आला होता तो तिच्यावर, आणि केलं होतं सगळं मी. मी भाचीला फोन लावला, तिनं उचलला नाही. लांबलचक मेसेज लिहिला, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवसांत रोज पाहत होतो.

हार समोर दिसत होती, पण कारण कळल्याशिवाय मी हार मानत नाही. दोन्ही फुलांचे फोटो घेऊन मी तेलीबांध्याकडच्या एका नर्सरीत गेलो. तिथली मालकीण माझ्याच वयाची, छत्तीसगढी बाई. हात मातीनं भरलेले, म्हणून मला फोन तिच्या डोळ्यांसमोर धरावा लागला. तिनं पाहिलं आणि खळखळून हसली.

"पत्ता लगाए थे ना भैया?"

"लगाए थे."

"हव, तभी. ये पट्टी वाला पत्ते से नहीं आता."

मग तिनं मला समजावलं. हे झाड एकजात नसतं. दोन जातींचं अंग एकावर एक चढलेलं असतं, आत एक आणि वर साल दुसरीच. दोन्ही मिळून फूल घडवतात, तेव्हा पट्टा उमटतो. पान रोवलं की पिल्लू त्या दोघांतल्या एकातूनच उठतं, म्हणून रंग सरसकट येतो. माझी बत्तीस वर्षांची विद्या तिनं कुंडी उपसता उपसता निकालात काढली. तुकडा म्हणजे माल नव्हे. निदान या झाडात तरी नव्हे. मी विचारलं, मग पट्टा आणायचा कुठून? ती म्हणाली, फुलाच्या दांडीवर दोन बारीकशी पानं असतात, नखाएवढी. त्यांच्या बगलेत जो डोळा असतो त्यात दोन्ही अंगं असतात. फुलं खुडायची आणि दांडी रोवायची. लागली तर लागली, नाहीतर सडेल.

घरी आलो तर बायको खिडकीशी उभी होती. मूळ झाडाचा मधला कोंब काळपट पडला होता. पावसाळ्याची दमट हवा आणि त्यात माझ्यामुळे सहा पानांनी उघडा पडलेला बुंधा. तिनं बोट लावलं तर कोंब मऊ लागला. कोंब सडला की झाड जातं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. फुलांच्या दोन दांड्या तेवढ्या अजून टणक होत्या.

मी नर्सरीतलं सगळं सांगितलं. ताईंच्या झाडाची शेवटची फुलं खुडायची होती. मी ब्लेड घेतलं खरं, पण माझा हात पुढे होईना. सळी तुटेपर्यंत ताणणारा माणूस मी, आणि सुतळीएवढ्या दांडीपुढे मला घाम फुटला.

"द्या इकडं," बायको म्हणाली. तिनं फुलं खुडून वंदनेच्या तबकात ठेवली, दोन्ही दांड्या स्वतः कापल्या आणि ती नखाएवढी पानं मातीला टेकतील अशा बेतानं रोवल्या. मी फक्त डबा धरून उभा होतो.

दहा दिवसांत एक दांडी काळी पडली. सप्टेंबरच्या अखेरीस मूळ झाडही गेलं. बायकोनं ती रिकामी कुंडी चार दिवस उचलू दिली नाही. पाचव्या दिवशी तिनं माती अंगणात ओतली आणि पायरीवर बसून मोठ्यानं रडली. "माही ताई दुसऱ्यांदा गेली वो," एवढं एकच ती म्हणत राहिली. मी शेजारी बसलो. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की तिच्या पाठीवर हात ठेवायलाही धीर झाला नाही. जगात पट्ट्यांचं म्हणून आता आमच्याकडे एक हिरवी काडी उरली होती, तीही धड जगते आहे की नुसती वाळायची राहिली आहे, हे कळत नव्हतं.

ती काडी सहा आठवडे जशीच्या तशी राहिली. मी डब्यावर चिठ्ठी लावली नाही. कुणाला खिडकीशी आणलं नाही. रोज सकाळी झाकण उघडून आतली वाफ पुसायची आणि परत लावायचं, एवढंच काम. नोव्हेंबरात एका सकाळी बायकोनं मला दात घासता घासता ओढत नेलं. त्या दोन नखाएवढ्या पानांच्या बगलेत एकेक हिरवा ठिपका होता. दोन पानं, दोन ठिपके. मी भिंग आणलं आणि आम्ही दोघांनी आळीपाळीनं पाहिलं.

आता मी जे सांगतो ते कुणी पुस्तकात दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही, पण खात्रीनं सांगतो. दांडीची पिल्लं पानाच्या पिल्लांपेक्षा हट्टी असतात. महिनाभर वाढतच नाहीत. घाई करून वेगळी काढली तर मरतात. पहिली पानं पावलीएवढी होईस्तोवर त्यांना हात लावू नये. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी त्यांना वेगवेगळ्या कुंड्यांत लावलं. कुंडी मुद्दाम छोटी घेतली, कारण या झाडाला मोठं घर दिलं की ते मुळंच पसरत बसतं आणि फुलायचं विसरतं. उन्हाळा निघाला. या खेपेला पावसाळ्यात टेबलपंखा भिंतीकडे तोंड करून मंद लावला, म्हणजे हवा खेळती राहते आणि कोंब सडत नाही.

भाचीला आम्ही काही कळवलं नाही. मला दोनदा मोह झाला, दोन्ही वेळा बायकोनं फोन काढून घेतला. "फूल पाहिल्याबिगर तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. या मालाची तपासणी फुलावरच होते, त्याआधी कुणाची सही चालत नाही.

सप्टेंबरात दोन्ही कुंड्यांत एका आठवड्याच्या अंतरानं फुलं उमलली. पांढरी, आणि प्रत्येक पाकळीवर जांभळा पट्टा. दुसऱ्या कुंडीतलं फूल उघडलं तेव्हा बायकोनं कुंडी फिरवून फिरवून पाचही पाकळ्या तपासल्या. मग ती खिडकीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "एक तिचं."

"चल मग. दोघंबी जाऊ."

"मी कोणत्या तोंडानं येऊ? मी तिले जे बोलली ते तिच्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बोलली. झाड देऊन ते बोलणं वापस घेता येते का?" तिनं कुंडी माझ्याकडे सरकवली. "तुमीच जा. तुमीच खोटं बोलले, तुमीच निस्तरा. माह्यावरचा तेवढा आळ काढा. बाकी काही बोलू नका."

मी बुटाच्या खोक्यात कुंडी बसवली, भोवती वर्तमानपत्राचे बोळे खोचले आणि झाकणाला भोकं पाडली. नागपूरपर्यंत खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, मांजराचं पिल्लू आहे का? मी हो म्हणालो. त्या दिवशी मला व्हायोलेटवर कुणाला काही सांगायची इच्छा नव्हती.

भाचीनं दार उघडलं आणि मला पाहून ती दारातच थांबली. "मौसाजी, तुमी? घरी सगळं बरं आहे ना?"

मी बरं आहे म्हणालो. तिनं आत घेतलं, पाणी दिलं. बोलायचं कुठून याची मी गाडीत बरीच जुळवाजुळव केली होती, ती सगळी तिच्या खिडकीकडे पाहून विसरलो. तिथं माझंच जांभळं व्हायोलेट होतं. मी धाडलं तेव्हा वाटीएवढं होतं, आता जेवणाच्या ताटाएवढं झालं होतं. पानं एका पातळीत, गोलाकार, एकावर एक न चढलेली. धुळीचा कण नाही, पाण्याचा डाग नाही. काठाला ब्रश ठेवलेला होता. माझी सवय काही जात नाही, मी उठून जवळ गेलो आणि खोट शोधू लागलो. एकही सापडली नाही. आमच्या घरात दोघंजण निवृत्त आणि रिकामे असून आमचं एकही झाड इतकं चांगलं नव्हतं.

"फसवलं वाटलं, तरी ठेवलंस?" मी विचारलं.

"झाडाची काय चूक?" ती म्हणाली. मग काठावरचा ब्रश सरळ करत म्हणाली, "अन् माह्या हाती टिकत नाही, असं कोणी म्हनलं होतं ना."

मी तिला सगळं सांगितलं. मौसीनं काही पाठवलं नव्हतं, मी पाठवलं होतं. मौसीचं नाव मी लावलं होतं. पानातून पट्टे येत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना मी छाती ठोकून बोललो होतो. आईचं झाड माझ्या हातून गेलं, तेही सांगितलं. मग खोकं उघडलं.

तिनं एका पाकळीखाली बोट धरलं, दाबलं नाही, नुसतं टेकवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "हे मौसीनं दिलं का तुमीच आणलं?" तिनं विचारलं. "या खेपेले खरं सांगा."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर तयार असतं. पण माझ्या तोंडून आलेल्या गोष्टीमुळे या मुलीनं एकदा काय भोगलं, ते मी पाहिलं होतं. मी खिशातून फोन काढला, घरचा नंबर लावला आणि तो तिच्या हातात दिला.

बायकोनं पहिल्याच घंटेला उचलला. तिचा आवाज फोनबाहेर स्वच्छ येत होता. "पोचले का? काय म्हनली वो ती? रागावली का?"

भाचीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आइका," बायको म्हणाली, मीच आहे असं धरून. "मी म्हनली होती ना, बाकी काही बोलू नका? तर बोला. तिले सांगा, मौसी चुकली. ती पोरगी नोकरी सांभाळून धावत येत होती, मले दिसत होतं, तरी मी तसं बोलली. तिची माय गेली होती अन् मी तिले तसं बोलली. माह्या तोंडानं मले जमत नाही, तुमीच सांगा तिले. आइकून राहिले ना?"

"मौसी," भाची म्हणाली, "मीच आइकून राहिली."

पलीकडून बायकोच्या रडण्याचा आवाज आला. भाची फोन दोन्ही हातांनी धरून खिडकीखाली जमिनीवर बसली. मी दारातल्या चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरून खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.